सोपान मास्तर मध्येच थांबतात

एप्रिल लागला की आमच्या केज गावचे आवाज बदलतात. सकाळी दहालाच ऊन अंगावर यायला लागतं, रस्त्याकडेला कलिंगडांचे ढीग पडतात, लिंबाचा मोहोर गटारीच्या पाण्यावरसुद्धा तरंगत असतो आणि कुठल्या तरी गल्लीत कुणीतरी हलगी शेकून बघत असतं. भीमजयंती जवळ आलेली असते, लगीनसराई डोक्यावर असते. यंदाही तसंच झालं. परवा दुपारी जेवून जरा पडलो होतो, तर लांबून एका डीजेवाल्याने भोंगे तपासायला धून लावली, अर्धी वाजवली आणि बंद केली. मी ताडकन उठून बसलो. बायको म्हणाली, "आता काय झालं?" काहीच झालं नव्हतं. मध्येच थांबलेली धून ऐकली की माझी झोप जाते, एवढंच. काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यापासून हे असं आहे.

संशय हा माझा स्वभाव आहे की नोकरी, हे आता मलाच सांगता येत नाही. मी वीज कंपनीत मीटर तपासणीला आहे. घरात कूलर धडधडतोय, मिक्सर फिरतोय आणि मीटरचा आकडा मात्र जागचा हलत नाही, असं दिसलं की पुढचं आपोआप कळतं. लोक लगेच चहा पुढे करतात. तो मी घेत नाही, आणि घेतलाच तर आज साखर जास्त का पडली, असा विचार करत पितो. बायको म्हणते, विहारात वंदनेला बसलो तरी माझं लक्ष भिंतीवरची वायर कुठून आली तिकडे असतं. खरं आहे ते. आणि तिला हेही माहीत आहे की ती वायर एकदा खरोखरच शेजारच्या खांबावरून आलेली निघाली होती.

अशा माणसाने गाण्याबजावण्याच्या नादी लागू नये. पण सोपान मास्तरांच्या क्लॅरनेटने मला लहानपणीच धरलं होतं. मास्तर आमच्या तालुक्यातल्या एका बँडचे. बँड कधीच मोडला, पण त्याच्या काळात जयंतीची मिरवणूक असो की कुणाचं लग्न, मास्तर पुढे आहेत म्हटल्यावर माणसं हातातलं काम टाकून यायची. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सगळ्या तालुक्यात प्रसिद्ध होती: मास्तर दम घेत नाहीत. वेशीपासून वाजवायला सुरुवात केली की चौकापर्यंत धून तुटत नाही. त्यांची एक कॅसेट निघाली होती, वर फेटा बांधलेला त्यांचा फोटो. ती कॅसेट आमच्या वस्तीत प्रत्येक घरात होती आणि प्रत्येक घरात तिची फीत कुठेतरी गुंतून तुटलेली होती.

त्या उन्हाळ्यात मास्तर पुन्हा वाजवायला लागले. वय झालेलं, बायको वारलेली, घरी नातीजवळ राहायला होते. ती नात रोज सकाळी फोनवर त्यांचं वाजवणं भरायची आणि आमच्या ग्रुपवर टाकायची. ग्रुप होता मास्तरांच्या चाहत्यांचा, आणि त्याचा अड्डा होता मिलिंद टेलरचं दुकान. जयंतीच्या आधीचे ते दिवस, म्हणजे दुकानात पांढऱ्या कापडाचे ढीग. मिलिंदला मान वर करायला फुरसत नसायची, पण मास्तरांचा विषय निघाला की त्याची मशीन थांबायची. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबायची आणि आत आमचं भांडण रंगायचं.

भांडण नव्या वाजवण्यावरून होतं. धुनी जुन्याच होत्या, पण मास्तर आता एक ओळ वाजवायचे आणि थांबायचे. म्हणजे थांबायचेच. आता पुढचं येईल म्हणून आपण कान टवकारावेत, तर काहीच नाही. पंख्याची घरघर, लांब कुठे कोंबडा, आणि मग जणू काही झालंच नाही अशी तिसरी ओळ. दुसरी गायब. चौथी गायब. पुराच्या पाण्यासारखं वाजवणारा माणूस आता ओढ्यातल्या दगडांवरून पाय टाकत चालल्यासारखा वाजवत होता.

मिलिंद त्या थांबण्यावर जीव ओवाळून टाकायचा. "आरं, आधी नुसता जोर व्हता. आता ग्यान हाय त्यात. त्यो थांबतो ना, तितंच खरं वाजतंय. मौन हाय त्ये. ऐकणाऱ्याला आपल्या आत बघाय लावतो मास्तर." मिलिंद दोनदा विपश्यनेला जाऊन आलेला होता, त्यामुळे मौनाच्या बाबतीत त्याच्याशी वाद घालणं अवघड होतं. मौनावर तो तास-तास बोलायचा.

पठाणचाचा दुसऱ्या टोकाला. ते तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, मास्तरांच्या जुन्या मिरवणुका स्वतःच्या पायांनी चाललेले. "मौन नक्को सांगू मेरेकू," ते म्हणायचे. "दम गया मास्तर का. दम गया तो आदमी चुप बैठता. तुम लोगां उसको ग्यान बोलरे. अरे, वो जमाना देखा मैं. सुबू से शाम, एक सांस में!" आणि मग हाताने हवेत न तुटणारी एक लांब रेघ ओढून दाखवायचे.

दोघे मला विचारायचे, तुझं काय म्हणणं? माझं म्हणणं असं होतं की मला दोन्हीचा संशय येतो. एका माणसाच्या छातीत सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा दम मावतो, हे मला लहानपणीसुद्धा पटलं नव्हतं. फक्त तेव्हा बोलायची टाप नव्हती. आणि माणूस थकला की आपण त्याला खोल म्हणायला लागतो, हेही मी पुष्कळ पाहिलं होतं. सभेत बोलता बोलता म्हातारा पुढारी मुद्दा विसरतो आणि थांबतो, तर लोक म्हणतात, काय वजन आहे शब्दाला! आजोबांना ऐकू येत नाही म्हणून ते गप्प बसतात, तर पाहुणे म्हणतात, किती शांत झालेत. आदराइतकं आंधळं दुसरं काही नसतं. भांडखोर माणूस निदान नीट ऐकतो तरी.

म्हणून मी ते थांबणं तपासायला घेतलं. आधी वाटलं, नातीने तुकडे जोडलेत. हल्ली फोनवर काय वाटेल ते करता येतं. मी कानात इअरफोन घालून ऐकलं, तर मास्तर थांबल्यावर त्यांच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी सुरू झाली आणि मास्तरांनी पुढची ओळ उचलली तरी ती चालूच होती. म्हणजे कापाकापी नाही. मग म्हटलं, चाचांचं खरं असेल, दम गेला असेल. पण दम गेलेला माणूस थांबला की धापतो. खोकतो. निदान पुढचा सूर धरण्याआधी छातीत हवा ओढल्याचा आवाज तरी येतो. इथे काहीच नाही. मास्तर गप्प बसायचे तेव्हा आरामात बसलेले असायचे. पुढची ओळ ते अशी उचलायचे की जणू मघाशी थांबलेच नव्हते. मीटर बंद आणि घरात दिवा लख्ख, असा तो प्रकार होता. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

जयंतीच्या जरा आधी मिलिंदने मास्तरांना समाजमंदिरात वाजवायला बोलावलं. खरं तर पुष्कळांचा विरोध होता. म्हणाले, मधे मधे बंद पडणारं वाजवणं कोण ऐकणार, त्यापेक्षा डीजे बरा. मिलिंदने सगळ्यांशी भांडून तो कार्यक्रम ठरवला. दुपारची वेळ, पत्र्याचं छत तापलेलं, खिडक्यांना ओले गोणपाट, मोठ्या पातेल्यात खीर, आणि नवे पांढरे शर्ट घालून बसलेली माणसं. त्यातले निम्मे शर्ट मिलिंदनेच शिवलेले. दारात उभा राहून तो येणाऱ्या प्रत्येकाला बजावत होता, "मास्तर थांबले की टाळी वाजवायची न्हाई. बोलायचं न्हाई. पोरं रडली तर भाईर न्यायची. त्यांचं मौन मोडायचं न्हाई."

मास्तर आले. धोतर नाही, पांढरा पायजमा, डोक्याला काही नाही. खुर्चीवर बसले, बोटं झटकली आणि वाजवायला लागले. पहिली ओळ अशी सरळ आली की पठाणचाचांनी डोळे मिटले. ओळ संपली. मास्तर थांबले. सगळं समाजमंदिर श्वास रोखून गप्प. मिलिंदच्या चेहऱ्यावर अशी काही शांती पसरली होती की मला तिचाही संशय आला.

आणि त्या गप्प जागेत मागून कुणीतरी गायला लागलं.

आवाज कसला, भेगाळलेला घसा होता तो. शब्द जेमतेम दोन आले असतील, पण सुरात होते. मी मान वळवून बघितलं. शेवटच्या रांगेत एक म्हातारा उभा राहिला होता, हाडं आणि सदरा, खांद्यावर टॉवेल. एक हात छातीशी धरून तो ती गायब असलेली दुसरी ओळ म्हणत होता. लोक माना वळवून बघायला लागले. मिलिंद माणसांतून वाट काढत त्याच्यापर्यंत पोचला आणि दबक्या पण कडक आवाजात म्हणाला, "ओ बाबा, गप बसा! मास्तरांची जागा हाय ती. खाली बसा."

म्हातारा गप्प झाला. त्याने मिलिंदकडे पाहिलं, मग पुढे मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान वर केलेली होती. क्लॅरनेट ओठांपासून लांब, डोळे मागच्या रांगेवर. म्हाताऱ्याने हातानेच खूण केली, वाजव. आणि खाली बसला.

मास्तरांनी पुढचं वाजवलं. पुढच्या थांब्यावर ते फार वेळ थांबले, मागे बघत. मागून काही आलं नाही. त्याच्या पुढच्या थांब्यावर आणखी वेळ. मग त्यांनी धून आवरतीच घेतली आणि क्लॅरनेट मांडीवर ठेवलं. टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पत्रा वाजला. मिलिंद रडत होता. "बघितलं का? बघितलं का किती येळ थांबले?" मी बघितलं होतं. मला ते मौन वाटलं नव्हतं. मला ते वाट बघणं वाटलं होतं.

मास्तरांभोवती हार आणि फोन घेऊन गर्दी झाली. तो म्हातारा मात्र दारातून बाहेर पडलेला मी पाहिला. खीर न घेता. खीर न घेता जाणारा माणूस मला कधीच सरळ वाटत नाही, म्हणून मी त्याच्या मागे निघालो.

परळीकडे जाणाऱ्या जीपच्या अड्ड्यावर तो सापडला. जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि भर दुपारी ती भरत नाही, त्यामुळे त्याला पळून जायला वाव नव्हता. मी दोन ग्लास उसाचा रस सांगितला आणि विचारलं, "तुमी मास्तरांचे पाव्हणे का?"

"पाव्हणा नव्हं. जोडीदार," तो म्हणाला. नाव शेषेराव. परळीला मुलाकडे राहायचा. "क्लॅरनेट वाजवायचो. त्यो पयला, मी दुसरा."

मी म्हटलं, बँडमध्ये दुसरा क्लॅरनेट होता हे मी कधी ऐकलं नाही. तो हसला. "ऐकू आला न्हाई म्हंजी चांगलाच वाजवला म्हणायचा. आवो, ऊन डोक्यावर, मिरवणूक चालती, धून तर तुटली न्हाई पायजे. एक माणूस किती फुकंल? त्येची ओळ सपायच्या आत मी उचलायची, माझी सपायच्या आत त्येनं. जोड दिसला न्हाई पायजे. जोड दिसला की आमचे उस्ताद चपलंनं हाणायचे."

"पण कॅसेटवर तर..."

"कॅसेटवर बी दोगंच. फोटू एकाचाच मावला."

उसाच्या चरकाचे घुंगरू वाजत होते. मी पुढचा प्रश्न विचारायला घाबरलो, आणि प्रश्न विचारायला मी सहसा घाबरत नाही. मग विचारलाच. तुम्ही वाजवायचं थांबवलंत, तर तुमची ओळ मास्तर का वाजवत नाहीत? त्यांना येत नाही का?

"येती की! माझ्यापरीस झाक येती. पर वाजवायची न्हाई." त्याने छातीवर हात ठेवला. "हिची एक बाजू टीबीनं खाल्ली. दुसरीवर चाललंय. फुकणं गेलं, पर मी हाय ना अजून? जोडीदार हाय तवर त्येची ओळ आपुन वाजवायची न्हाई, बँडचा रिवाज हाय. दुखण्यात पडला, भांडून गेला, पिऊन लोळला, तरी जागा तशीच ठिवायची. मिरवणुकीत ढोलवाले भरून काढायचे तेवढी. आता घरात ढोल कुठला? म्हणून तुमाला सुनं वाटतंय."

"आणि जोडीदार गेला तर?"

"मंग वाजवावीच लागती. दोगांची एकट्यानं. न्हाई तर धून अर्धी ऱ्हाती, आन ज्याची ऱ्हाती त्येचं नाव जातं." मग डोळे बारीक करून म्हणाला, "सून सकाळी फोनवर लावून देती मला, सोपानचं वाजवणं. पयल्यांदा माजी जागा बघतो. मोकळी हाय म्हणलं की चहा मागतो. चला, आज बी हाय आपुन."

तो हसता हसता खोकत सुटला. रसवाल्याने पाणी आणून दिलं. खोकला थांबल्यावर म्हणाला, "सून नगं म्हणत व्हती. म्हणलं, फुकता येत न्हाई तर तोंडानं म्हणू. सोपानला सांगितलं नव्हतं. आवाज वळखला त्येनं, बघितलं न्हवं, मान वर केली."

मला मिलिंदचा राग आला होता. मी म्हटलं, तुम्ही त्या टेलरला सांगायचं होतं कोण आहात ते. शेषेराव म्हणाला, "त्येचं काय चुकलं? त्येला वाटलं मी मदीच घुसलो. आन गळ्यात हार घातलेल्या माणसापशी जाऊन काय सांगू, ह्यो अर्धा मी हाय म्हणून?" तेवढ्यात जीप भरली. मधल्या सीटवर दोघांच्या मधे तो अंग चोरून बसला. त्याच्या सुनेचा नंबर मी मागून घेतला होता, कशासाठी ते मलाच माहीत नव्हतं.

अर्थात मी त्याच्यावरही लगेच विश्वास ठेवला नाही. घरी आलो, कॅसेटवरून उतरवलेली जुनी धून एका फोनवर लावली आणि नवी दुसऱ्यावर. बायको वैतागून शेजारी निघून गेली. जिथे नवीत गप्प, तिथे जुनीत क्लॅरनेट वाजत होतं, पण जरा जाड, जरा मागून येणारं, एका चुलत भावाचा चेहरा दुसऱ्यासारखा असावा तसं. इतकी वर्षं ऐकूनही ते आमच्यापैकी कुणाच्या कानावर आलं नव्हतं. आम्ही एका माणसाला दोन माणसांचा दम देऊन टाकला होता, आणि दुसरा निघून गेल्यावर जे उरलं त्याला ज्ञान म्हणत होतो.

हे सगळं दुसऱ्या दिवशी दुकानात सांगितलं. वाटलं होतं, मिलिंदला धक्का बसेल. बसला नाही. त्याने कात्री खाली ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मी दुसऱ्यांच्या मीटरकडे बघतो. "असले जोडीदार लई निघत्यात बे. माणूस मोठा झाला की निघत्यातच. उद्या एक ढोलवाला यील, म्हणंल मीच शिकवलं मास्तरला. तुला सगळीकडं तारंवर आकडाच टाकलेला दिसतो."

मी आशेने पठाणचाचांकडे पाहिलं. पण त्यांची ती न तुटणारी रेघ मीच मधे तोडली होती. "कॅसेट पे फोटू तो एकही है," ते म्हणाले आणि चहाकडे वळले. सबंध उन्हाळ्यात ते दोघे कशावर तरी एकमत झालेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. मला वाटतं, माणसाला आपला आवडता कलाकार वाटून घ्यायला आवडत नाही. घरची भाकरी वाटून खाऊ, पण दैवत अर्धं करून घेणार नाही. आणि गंमत अशी की ज्याला सगळं गाव संशयी म्हणतं, तो मी त्या टॉवेलवाल्या म्हाताऱ्यावर विश्वास ठेवून बसलो होतो, आणि डोळे मिटून मौनावर विश्वास ठेवणारा मिलिंद संशयाने पछाडला होता.

"मग मास्तरांनाच विचार," मी म्हणालो.

"इचारू की. वैशाखी पुनवेला दोगांनाबी आणू हितं, समोरासमोर," मिलिंद म्हणाला. "पर म्हातारा खोटा निघाला, तर माझ्या दुकानात मास्तरबद्दल पुन्हा तोंड उघडायचं न्हाई तू." मी हो म्हणालो. त्या रात्री खरं तर मला काळजीच वाटली, पण ती वेगळी. मिलिंद खरा निघेल याची मला भीती नव्हती. पौर्णिमेपर्यंत रोज सकाळी मास्तर थांबत राहावेत, एवढंच मनात होतं.

ते दिवस मला अजून उन्हासकट आठवतात. जयंती झाली, गल्ल्यांवरच्या निळ्या पताका उन्हाने फिकट झाल्या, लग्नांचे मांडव पडले, कूलरच्या पाण्यासाठी लोक टँकरमागे धावायला लागले. माझ्या कामाचा हाच खरा हंगाम. उन्हाळ्यात सगळ्या गावाला वीज लागते आणि निम्म्या गावाला ती चोरावी लागते. पण शिडीवर चढण्याआधी मी फोन काढायचो, नातीने टाकलेली धून लावायचो, पहिली ओळ संपू द्यायचो. मास्तर थांबले की बरं वाटायचं. कुणाच्या तरी घरी चहा मागितला गेला असेल, असं मनात यायचं आणि मी कामाला लागायचो. आयुष्यात कशाच्या तरी बंद असण्याने मला आनंद व्हावा, असं तेवढ्याच काळात झालं.

पौर्णिमा तोंडावर आलेली असताना एका सकाळी मी एका पिठाच्या गिरणीच्या भिंतीशी उभा होतो. मिलिंदचा फोन. आवाज नुसता नाचत होता. "ऐकलं का बे? ऐक आधी! मास्तर परत आले! एक जागा मोकळी न्हाई. पयल्यासारकं, सगळं वाजवलंय, सगळं! चाचा नाचायलेत हितं. आन तुजा रिवाज कुठं गेला रं? खोटा निघाला का न्हाई तुजा म्हातारा?"

मी धून लावली. पहिली ओळ आली. ती संपायच्या आत दुसरी आली. मधे जरा फट होती, आणि त्या फटीत छाती भरून हवा ओढल्याचा आवाज होता. तिसरी. पुन्हा तोच आवाज. चौथी. एक म्हातारा माणूस धापत धापत दोन माणसांचं वाजवत होता. ग्रुपवर टाळ्यांच्या खुणांची रांग लागली होती.

माझा संशय आजवर पुष्कळदा खरा निघालाय आणि मला त्याचा अभिमान आहे, हे कबूल करायला हवं. त्या सकाळी मात्र मी तो खोटा निघावा म्हणून मनापासून इच्छा केली. म्हटलं, मास्तरांना कंटाळा आला असेल. नातीने हट्ट धरला असेल. रिवाज शेवटी रिवाज, माणूस मोडतोही. असं स्वतःला सांगत सांगत मी परळीचा नंबर लावला. शेषेरावांच्या सुनेने उचलला. मागे घरात पुष्कळ माणसं असल्याचा आवाज होता.

"मामंजी गेले, दादा," ती म्हणाली. "काल दुपारी. झोपेतच. सोपानमामा आलते मातीला. काईच बोलले न्हाईत. हात धरून बसलते नुसते."

गिरणी तशीच सोडून मी दुकानात आलो. मिलिंदने धून मोठ्या भोंग्यावर लावली होती, रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती. पठाणचाचा खुर्चीच्या दांडीवर ताल धरून बसले होते. मला बघून मिलिंद काहीतरी बोलणार होता, पण माझ्या तोंडाकडे बघून तो थांबला.

"शेषेराव गेले," मी म्हणालो. "काल."

चाचांचा हात जिथल्या तिथे राहिला. धून वाजतच होती, तिच्यातला तो हवा ओढण्याचा आवाज आता आम्हा तिघांना स्पष्ट ऐकू येत होता. चाचा उठले आणि भोंगा बंद करायला गेले, तर मिलिंदने त्यांचा हात धरला. धून संपली तरी तो तसाच उभा होता. पांढऱ्या कापडाच्या ढिगाला टेकून, माझ्याकडे न बघता त्याने विचारलं, "कोणती ओळ व्हती बे ती? मी त्येला गप केला ती?"

मी फोन घेतला, धून मागे नेली आणि त्याला ती ओळ लावून दिली. मास्तरांनी ती इतर ओळींपेक्षा सावकाश वाजवली होती, आणि शेवटी त्यांचा दम पुरला नव्हता.